आधी स्क्रूचं डोकं सांभाळ

पत्र:

काका, नमस्कार. आमचं गाव देवगडजवळ, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. बाबांची १९९६ची मारुती ८०० गेली काही वर्षं मांगरात, म्हणजे घराजवळच्या छपरात, उभी होती. मी मुंबईची नोकरी सोडून गावी आलोय आणि गाडी चालती करायचं मनावर घेतलंय. इंजिन सुरू झालं. पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून खांबावरचा स्ट्रायकर (दाराचं लॅच ज्यात अडकतं तो भाग) सैल करायला गेलो, तर स्टारच्या दोन स्क्रूंपैकी एकाची खाच झिजून गोल झाली. दुसऱ्याला अजून हात लावलेला नाही. मागच्या चाकाचं ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायची तोटी) हलत नाही आणि सायलेन्सरच्या जोडावरचे बोल्ट तर बोल्ट म्हणून ओळखूही येत नाहीत. शेजारचे आबा म्हणतात, ‘घणान हाण, सुटतलो!’ गॅरेजवाला म्हणतो, पत्रा कापावा लागेल. गणपतीला बहीण येणार आहे, तिला कणकवली स्टेशनवरून याच गाडीतून आणायचा बेत आहे. काय करू?

उत्तर:

दुसऱ्या स्क्रूला हात लावला नाहीस हे फार चांगलं केलंस. अजून चार-पाच दिवस तो फिरवायला जाऊ नकोस. आबांचा सल्ला अर्धा बरोबर आहे: हातोडी लागणार आहे, पण घण नाही. गॅरेजवाल्याचंही चूक नाही. एका स्क्रूपाशी दोन तास बसायची मजुरी तो तुझ्याकडून मागणार कशी? पत्रा कापला की वीस मिनिटांत मोकळा. तुझ्याकडे मात्र वेळ आहे, आणि जाम स्क्रूच्या कामात ताकदीपेक्षा वेळच जास्त कामाला येतो.

गाडी मांगरात होती म्हणून वाचली असं तुला वाटत असेल, तर बिचाऱ्या मांगराला फार श्रेय देऊ नकोस. किनाऱ्यावर हवेतून मिठाचे बारीक कण येऊन प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. उघड्यावरच्या गाडीवरचं मीठ पावसाच्या पहिल्या सरींत निदान धुऊन तरी जातं. मांगराच्या उघड्या बाजूंनी वारा आत येतो, पाऊस येत नाही, त्यामुळे मीठ साचत राहतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याहून कोरडे दिवस कितीसे असतात? म्हणजे पाऊस थांबला तरी तुझ्या स्क्रूच्या आट्यांत खारं पाणी होतंच. त्यात चाकाखालून उडालेली जांभ्याची लाल माती, जी ओल धरून ठेवते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांमध्ये ती जागा नसते, म्हणून गंज तिथे पाचरीसारखा ठासून बसतो. मोठा दांडा लावून जोर केलास की ही पाचर तशीच राहते आणि तुटतो तो स्क्रू.

तेव्हा काम दोन टप्प्यांचं. आधी गंजाची पकड मोडायची, मग स्क्रू फिरवायचा. आणि दोन्ही टप्प्यांत एक गोष्ट जपायची, ती म्हणजे स्क्रूचं डोकं. खाच शाबूत आहे तोवर तुझ्या हातात पाच-सहा उपाय आहेत, ती गेली की दोन-तीनच उरतात. म्हणून बिट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक, एकदा जरी घसरलं तरी तिथेच थांबायचं. ‘आणखी एकदा बघू’ म्हणत फिरवलेल्या त्या एका वेळेनेच बहुतेक स्क्रू गोल होतात.

तुझा पहिला स्क्रू गोल का झाला याचा माझा अंदाज सांगतो. तू हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्टार स्क्रू-ड्रायव्हर वापरलास. मारुती ८०० ही मुळात सुझुकीची गाडी, आणि जुन्या जपानी गाड्यांतले फुलीचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. दिसायला ते फिलिप्ससारखेच, म्हणजे आपल्या नेहमीच्या स्टारसारखेच, पण खाचेचा आकार थोडा वेगळा. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण तळाला टेकत नाही आणि जोर वाढला की वर चढून बाहेर येतं. प्रत्येक वेळी बाहेर येताना ते खाचेची कड थोडी खरवडून नेतं. जपानी स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक छोटासा ठिपका कोरलेला असतो, टॉर्च मारून बघ. जपानी मानकाचं बिट ऑनलाइन मिळतं. तुझ्या स्ट्रायकरला बहुधा ३ नंबर लागेल, कारण त्या मापाच्या स्क्रूला २ नंबर आत डुलतो. बिट हातात आलं की ते आधी नुसतं खाचेत बसवून बघ. स्क्रू उभ्या खांबावर असूनही बिट स्वतःहून पडलं नाही, तर माप जमलं. खाचेत गंज आणि जुना रंग भरलेला असतो, तो जाड सुईने किंवा टोकदार पोगराने टोकरून काढल्याशिवाय कुठलंही बिट बसणार नाही. अर्धे लोक हे करतच नाहीत आणि मग बिटाला शिव्या घालतात.

आता तेल. खोबरेल तेल नको. आपल्याकडे करकरणाऱ्या बिजागरीपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळीकडे ते जातं, पण जाम आट्यांत शिरण्याइतकं ते पातळ नाही आणि काही दिवसांनी चिकटही होतं. डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या कपाटात असतं, तुझ्याही असेल. ते १९५३ साली तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवायला, नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. नसल्यापेक्षा बरं, पण जाम आट्यांसाठी खास वेगळा पेनिट्रेटिंग स्प्रे मिळतो, तो आण. मेकॅनिक मंडळी ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल अर्धं-अर्धं मिसळून वापरतात आणि ते कामही चांगलं करतं. पण ॲसिटोन चटकन पेट घेतं, रंग आणि काही जातींचं प्लास्टिक विरघळवतं, आणि ठेवून दिलं तर तेलापासून वेगळं होतं. दाराच्या खांबावर, रंगाच्या आणि सीट बेल्टच्या पट्ट्याच्या शेजारी मी ते वापरणार नाही. सायलेन्सरच्या बोल्टला हवं तर वापर.

तेल भसाभस मारून लगेच पाना लावणं म्हणजे तेल वाया. सकाळी दोन थेंब, संध्याकाळी दोन थेंब, असं चार-पाच दिवस. प्रत्येक वेळी तेल सोडल्यावर बिट किंवा पंच खाचेत उभा धरून हातोडीने सरळ अक्षात दहा-बारा टोले, जोराचे नव्हेत, टणटणीत. त्या कंपनाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत ओढलं जातं. आबांचं अर्धं बरोबर ते हेच.

पाचव्या दिवशी न बिघडलेल्या स्क्रूपासून सुरुवात कर. त्याआधी मार्करने किंवा पेन्सिलने स्ट्रायकरच्या चारही बाजूंनी खांबावर रेघ ओढून घे. ही रेघ नसेल तर नंतर दार जुळवता-जुळवता जीव जाईल. आणि दोन्ही स्क्रू एकाच वेळी पूर्ण काढायचे नाहीत. स्ट्रायकर वर-खाली सरकवता यावा म्हणून अनेक गाड्यांत खांबाच्या आतली आटे असलेली पट्टी थोडी सैल ठेवलेली असते. तिला धरायला एकही स्क्रू उरला नाही तर ती आत घसरते, आणि मग स्क्रू राहतो बाजूला, तू लोहचुंबक दोरीला बांधून खांबात गळ टाकत बसतोस.

हत्यार कुठलं? हाताने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. एका बऱ्यापैकी सुरमईपेक्षा महाग नाही. मागून हातोडीचा टोला दिला की तो बिट आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडं फिरवतो, त्यामुळे खाचेतून बाहेर यायला बिटाला वावच राहत नाही. वापरण्याआधी तो सुटण्याच्या दिशेला लावलाय ना हे हातात फिरवून बघ. पहिले एक-दोन टोले मात्र मी मुद्दाम आवळण्याच्या दिशेने देतो. केसभर जरी हलला तरी गंजाची पकड मोडते, मग उलट्या बाजूला सोडवणं सोपं जातं. स्क्रू हलला की सरळ बाहेर काढायची घाई नको. पाव फेरा बाहेर, थोडा आत, थेंबभर तेल, पुन्हा बाहेर. फिरवताना कचकच आवाज येऊन जड झालं तर तो गंजाचा भुगा आट्यांत अडकतोय, मागे फिर.

एवढ्यानेही हलला नाही तर उष्णता. पण तिथे गॅसची ज्योत नको. आत कापड आहे, रबर आहे, सीट बेल्टचा पट्टा आहे, आणि तू इतके दिवस तेल पाजलंयस. सगळं तेल आधी पुसून घे आणि ६० वॅट किंवा त्याहून मोठ्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या खाचेत दहा मिनिटं टेकवून ठेव. उष्णता मुख्यतः स्क्रूत जाते, ज्योतीसारखा रंग जळत नाही. कारखान्यात असे स्क्रू बसवताना आट्यांना अनेकदा थ्रेड लॉकचा चिकट पदार्थ लावतात, तोही उष्णतेने नरम पडतो. गरम असतानाच मेणबत्तीचं टोक डोक्याच्या कडेला टेकव, वितळलेलं मेण आट्यांत उतरतं. गरम धातूवर स्प्रे मात्र मारू नकोस.

हा स्क्रू सुटला की तो पुन्हा हलकाच बसवून ठेव आणि गोल झालेल्याकडे वळ. त्यालाही तेल, टोले, उष्णता हे सगळं आधीच देऊन झालेलं असणार. गोल पंच घेऊन खाचेच्या उसवलेल्या कडा टोले देत आत लोट, म्हणजे भोक थोडं आवळेल. मग नवं बिट त्यात ठोकून बसव. बिटाच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लाव, कुठल्याही इंजिन उघडणाऱ्या मेकॅनिककडे असते, बोटभर मागितलीस तर पैसे घेणार नाही. तिच्यातल्या रवाळ कणांमुळे पकड आश्चर्य वाटावं इतकी वाढते. मग पुन्हा इम्पॅक्ट ड्रायव्हर. गोल झालेल्या स्क्रूंपैकी बरेच इथेच सुटतात.

नाहीच सुटला, तर डोकं उडवायचं. सेंटर पंचाने बरोबर मध्यावर खूण कर. इथे घाई केलीस तर ड्रिल एका बाजूला सरकून पट्टीचे आटे खाईल. आधी बारीक ड्रिल, मग मधलं, शेवटी स्क्रूच्या दांड्याच्या जाडीचं. आठ एमएमचा स्क्रू असेल तर शेवटचं बिट आठचं. खोल भोक पाडायचं नाही, डोकं दांड्यापासून सुटेल एवढंच. वेग कमी, दाब जास्त, तेलाचा थेंब, डोळ्यांवर चष्मा. गंजाचा कण डोळ्यात गेला की गणपती डॉक्टरकडे. उलट्या फिरकीचं ड्रिल बिट मिळालं तर उत्तम, कधीकधी भोक पाडता-पाडता तेच स्क्रू बाहेर आणतं. डोकं निघालं की चांगला स्क्रू काढून स्ट्रायकर बाजूला कर आणि तो चांगला स्क्रू मोठा वायसर घालून पुन्हा पट्टीत अडकव, पट्टी पडू नये म्हणून. आता तुटक्या दांड्याचा थोडा भाग बाहेर डोकावेल, कारण स्ट्रायकरची जाडी तिथून गेली. त्याला व्हाइस ग्रीप, म्हणजे आवळून लॉक होणारी पक्कड, लाव. डोक्याचा ताण गेलेला असल्यामुळे हा दांडा पुष्कळदा इतका सहज फिरतो की आधीच्या सगळ्या झगड्याची गंमत वाटते.

व्हाइस ग्रीप घसरत असेल तर वेल्डरकडे जा. तो दांड्यावर एक नट ठेवून आतून वेल्ड भरतो आणि नटाला पाना लावून फिरवतो. वेल्डिंगची उष्णता थेट दांड्यात जाते, म्हणून ही युक्ती फार क्वचित फसते. जाण्याआधी बॅटरीच्या तारा काढून ठेव आणि आतलं कापड, पट्टा ओल्या गोणपाटाने झाकायला सांग.

भोक पाडून आत उलटे आटे रुतवायचा एक्स्ट्रॅक्टर बाजारात सगळीकडे दिसतो, व्हिडिओत तर तो लोण्यात सुरी जावी तसा चालतो. माझं त्याच्याविषयी मत वाईट आहे. गंजून घट्ट बसलेल्या बारीक स्क्रूत तो तुटतो, आणि त्याचं पोलाद इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. मग ठिणगीने धातू खाणाऱ्या यंत्रावर न्यावं लागतं, म्हणजे फोंडा घाट चढून कोल्हापूर. दाराचा खांब काही तू पिशवीत घालून नेणार नाहीस.

आता ब्लीडर निपल, आणि इथे माझा सूर जरा कडक होईल, कारण हे ब्रेकचं काम आहे. निपल आतून पोकळ असतं, म्हणून ते पटकन पिळवटून तुटतं. त्यावरची रबरी टोपी कधीच पडून गेली असणार आणि भोकात खारा चिखल बसला असणार. तारेच्या ब्रशने साफ कर. बारा कोनी रिंग पाना नको, सहा कोनी सॉकेट घे, तो कोपऱ्यांवर नव्हे, सपाट बाजूंवर दाब देतो. निपलच्या भोकात घट्ट बसेल असं एखादं ड्रिल बिट उलटं घालून ठेव, म्हणजे पिळताना ते चेपणार नाही. डोक्यावर हलके टोले, आवळण्याच्या दिशेने थोडा हिसका, मग सोडव. तेल अगदी थेंबभर आणि बाहेरूनच, निपल उघडण्याआधी पूर्ण पुसून. खनिज तेल ब्रेकच्या आत गेलं तर तिथली रबरं फुगतात. ज्योत इथेही नाही.

आणि निपल तुटलं तर रडू नकोस. निपल ज्यात बसतं तो अख्खा व्हील सिलिंडर बदलायचा. मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती, तिचा हा भाग कणकवलीच्या दुकानांत मिळायला हरकत नाही आणि स्वस्तही आहे. खरं तर इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीला मी तो न तुटताही बदलला असता. त्रास असतो तो सिलिंडरला येणाऱ्या ब्रेक पाइपच्या नटाचा. तो नट पाइपला धरून बसतो आणि नटाबरोबर पाइपही पिळला जातो. तिथे उघडा पाना लावू नकोस, पाइपवरून घालता येईल असा कापलेला रिंग पाना मिळतो तो वापर, आणि पाइप पिळतोय असं दिसलं तर थांबून तो पाइपही नवा टाक. जुनं ब्रेक ऑइल सगळं काढून नवं भरायचंच. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि देवगडची हवा तुला ठाऊक आहे. हे सगळं तू केलंस तरी बहिणीला आणायला निघण्याआधी एखाद्या मेकॅनिककडून ब्रेक तपासून घे. यात तडजोड नाही.

सायलेन्सरच्या जोडावरचे बोल्ट वाचवायचा प्रयत्नच करू नकोस. हॅक्सॉने काप, किंवा आवळण्याच्या दिशेने पाना लावून सरळ तोडून टाक. ग्राइंडर लावायचा तर पेट्रोलची टाकी आणि पाइप कुठून जातात ते आधी बघ, ठिणग्या लांब जातात. नवे बोल्ट टाकताना पितळी नट मिळाले तर घे, ते गंजून चिकटत नाहीत, आणि आट्यांना कॉपर ग्रीस लाव. पण वर, इंजिनच्या हेडमध्ये बसवलेले मॅनिफोल्डचे (धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे) स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, आहेत; तिथला जोड गळत नसेल तर त्यांना हात लावू नकोस. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा, मध्ये खारी ओल. अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी स्टडला जखडून टाकते. तिथे तुटलेला स्टड हे लेथवाल्याचं काम आहे, अंगणातलं नाही.

स्ट्रायकर परत बसवताना दोन्ही स्क्रू नवे घे, आणि ते गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून. हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत स्टेनलेस स्क्रू मोह पाडतील, पण अपघातात दार बंद ठेवण्याची जबाबदारी या दोन स्क्रूंवर असते, त्यांची ताकद माहीत असलेली बरी. पट्टीच्या आट्यांतून आधी त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरव. इथे ग्रीस नको, निळं थ्रेड लॉक लाव. ते स्क्रू धरूनही ठेवतं आणि ओलही आत जाऊ देत नाही. आणि याच कामात सीट बेल्टचा बोल्ट काढावा लागला तर तो जपून ठेव. त्याचे आटे एमएमचे नसून इंची असतात, ७/१६ मापाचे, आणि जवळचा म्हणून दुसरा कुठलाही बोल्ट तिथे ठोकून बसवायचा नाही. चाकांचे नट कोरडेच ठेव. कॉपर ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात ते जास्त ताणले जातात. नंबर प्लेट, मागचे दिवे, वायपरजवळची प्लास्टिकची झाकणं, तिथे खुशाल ग्रीस.

कामाचा क्रम असा ठेव: तेल सगळीकडे आजपासूनच सुरू कर, जपानी बिट आजच मागव, आणि ते येईपर्यंत चाक काढून निपलचं काम उरक, कारण पार्ट लागला तर तो आणायला वेळ हवा. स्ट्रायकर शेवटी. गाडीवर ताडपत्री घातली असशील तर काढून टाक, तिच्याखाली ओल कोंडते. आठवड्यातून एकदा विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धू, चाकांच्या वरच्या कमानींत हात घालून माती काढ.

अडलास तर दोन फोटो पाठव, एक खाचेचा आणि एक बिटाच्या टोकाचा. दोन्ही जवळून, उजेडात.